कॉलेजच्या कपाटातली नाणी आणि मोडी रुमाल : या चुका टाळा

पुण्यातल्या जुन्या कॉलेजांत इतिहास विभागाचं एखादं तरी बंद कपाट असतं. कुणा माजी विद्यार्थ्याच्या घरून आलेली नाणी, वाडा पाडताना वाचवलेले मोडी रुमाल (कापडात बांधलेले मोडी लिपीतल्या कागदांचे गठ्ठे), दोन-चार सनदा. वर्षभर कुलूप. मग शतकमहोत्सव किंवा नॅकची, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या मंडळींची, भेट जवळ आली की कपाट उघडतं आणि चार उत्साही मंडळी ‘जरा साफसफाई’ करायला बसतात. कसरीला आणि पावसाळ्यांना जे दीडशे वर्षांत जमलं नाही, ते मग दोन दुपारांत उरकतं. कसर कागद खाते, पण तो कागद कुणाच्या घरचा आणि कोणत्या रुमालातला, हे तिला पुसता येत नाही. ते आपणच पुसतो.

नाणं चकचकीत करणं

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट : देवघरातल्या तांब्याला चालतं ते शिवराईला, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याला, चालत नाही. तांब्यावरचा घट्ट तपकिरी किंवा गडद हिरवा थर शतकभर मुरून बसलेला असतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. आम्लानं तो जातो, सोबत झिजलेल्या अक्षरांच्या कडाही जातात. शिवाय घासलेलं नाणं जाणकाराला दुरूनच कळतं.

‘पण यावर हिरवी बुरशी आलीये’ अशी तक्रार असेल तर आधी दातकोरणीच्या टोकानं हलकेच स्पर्श करून पाहा. थर टणक असेल तर हात लावू नका. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल आणि काही दिवसांनी पुन्हा येत असेल, तर तो ब्राँझ डिसीज. धातूत शिरलेली क्लोराइडं आणि हवेतला दमटपणा मिळून तांबं आतून खातात. पुण्यात हे नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये उफाळतं. ते नाणं वेगळं काढा, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवा, म्हणजे आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली राहील. पुढची प्रक्रिया संवर्धकाकडूनच करून घ्या. त्यासाठीची रसायनं विभागाच्या टेबलावर हाताळण्यासारखी नसतात. जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात, हे मात्र शिपाईमामांनाही सांगून ठेवा, नाहीतर ते कचऱ्यात जातात.

नाण्यांवर चिकट हिरवा ओशटपणा दिसला तर दोष बहुधा अल्बमचा. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे पाऊच काळाच्या ओघात आम्ल सोडतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. चांदीचे रुपये काळे पडत असतील तर आसपास रबरबँड, लोकर किंवा फेल्ट आहे का ते बघा. गंधक तिथून येतं. नव्या प्लायवूडच्या शोकेसही दिसायला छान, पण त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते.

जुनं पाकीट फेकून देणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागडी चूक. नाण्यासोबत एक कळकट पाकीट असतं, त्यावर शाईनं ‘जुन्नर, विहिरीजवळ’ एवढंच. नवा पारदर्शक होल्डर आला की पाकीट टोपलीत. विहिरीजवळ नाणी एकत्र सापडली असतील तर ती कोणत्या काळात एकत्र फिरत होती हे त्यावरून कळू शकलं असतं. आता उरलं फक्त एक नाणं, तसं जुन्या बाजारातही मिळतं.

कागदांचंही तेच. मोडी रुमाल सोडला की कुणीतरी हौसेनं विषयवार ढीग लावतं : जमिनीचे इकडे, लग्नकार्याचे तिकडे. एका घराण्याच्या कारकुनानं लावलेला क्रम हा स्वतःच पुरावा असतो. एक सुटा हिशेब कोणत्या कज्ज्यातला, हे शेजारच्या कागदावरूनच उमगतं. क्रम मोडण्याआधी जसा आहे तसा फोटो काढा, प्रत्येक कागदाला मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक द्या. पेन नको, ग्रंथालयाचा रबरी शिक्का तर मुळीच नको. नाण्याचा दाखल क्रमांक पाकिटावर आणि नोंदवहीत लिहायचा, नाण्यावर नाही. वहीत वजन (०.०१ ग्रॅमपर्यंत), व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो आणि कुणाकडून आलं ते लिहा.

चिठ्ठीवर भलतं साल

‘शिवराई, इ. स. १६७४’ ही चिठ्ठी मी इतक्यांदा पाहिलीय की आता हसूही येत नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या मजकुराची नाणी राज्याभिषेकाच्या काळात सुरू झाली हे खरं, पण शिवराया पेशवाईतही पडत राहिल्या. संग्रहात येतात त्यांतल्या बहुतेक उत्तरकाळातल्या. अक्षरांची वळणं, ‘शिव’चं लेखन, मधल्या रेघा यांवरून प्रकार ठरतो. साल ठरवता येत नसेल तर ‘मराठा, शिवराई’ इतकंच लिहा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यानं अर्धीच अक्षरं उमटणं हे हातानं पाडलेल्या नाण्यांत नेहमीचं. न दिसणारं अक्षर मनानं पुरं करू नका. दिवा बाजूनं, अगदी तिरका धरला की झिजलेली अक्षरंही बरीच वर येतात.

दुसरा घोटाळा अंकुशी रुपयाचा. त्यावर फारसीत मुघल बादशाह शाहआलमचं नाव, म्हणून तो ‘मुघल’ खणात जातो. नाणं बादशाहाच्या नावानं, टांकसाळ मात्र पुण्याची आणि अंकुशाची खूणही मराठ्यांची. १८१८ नंतर इंग्रजांनीही हा रुपया काही वर्षं चालू ठेवला आणि त्यांवर फसली, म्हणजे महसुलाचं, साल येतं. १२४० हा आकडा हिजरी धरला तर १८२४-२५ निघतं, फसली धरला तर १८३०-३१. कोणतं साल हे ठरवल्याशिवाय इसवी सन लिहायचा नाही.

कागदांत हाच सापळा शुहूर सनाचा. मराठेशाहीतल्या कागदांवरचं हे साल अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६, ७०, १०० आणि १०००, मिळून ११७६. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे साल १७७५-७६. नुसते ६०० मिळवणारे विद्यार्थी निम्म्या कागदांना एक वर्ष पुढे ढकलतात. फसलीला ५९० आणि ५९१. मोडी येत नसेल तर अंदाज करण्यापेक्षा भारत इतिहास संशोधक मंडळातल्या किंवा पुणे पुराभिलेखागारातल्या जाणकारांना विचारा.

कागदांवरचे ‘उपाय’

चिकटपट्टी, लॅमिनेशन, डांबराच्या गोळ्या. तिन्ही बंद. चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून शाईत उतरतो. लॅमिनेशन सोडवताना कागद हाती लागेलच असं नाही. गोळ्यांनी कसर फारशी जात नाही, वाचकाचं डोकं मात्र दुखतं. टाचण्या गंजण्याआधी काढा. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ, तेही शिकलेल्या हातानंच. उन्हात वाळवणं नको.

आणि नाणी-कागद एकाच कपाटात नकोत. तांब्याला कोरडी हवा हवी, कागद फार कोरडा झाला की घडीवर तुटतो. त्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते.

स्कॅन करताना मागची बाजू कोरी समजून सोडली जाते. पत्रांचे तुकडे जिथे जोडलेले असतात तिथे काही वेळा मागे शिक्का असतो, घडीच्या पाठीवर पोचल्याची नोंद असते. दोन्ही बाजू घ्या, सोबत मोजपट्टी ठेवा, आणि फाइलच्या नावात दाखल क्रमांक असू द्या.

पाणी शिरलं तर

१२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर या शहराला माहीत आहे, तरीही रेकॉर्ड रूम जिन्याखालीच असते. खालचा खण रिकामा ठेवा, कपाट भिंतीपासून सरकवा. कागद भिजलेच तर ४८ तासांत बुरशी धरू लागते. थोडे असतील तर टीपकागदावर, खोलीत पंखा लावून, पण झोत थेट कागदांवर न घेता सुकवा. ढीगच असेल तर सोडवत बसू नका. मध्येमध्ये बटर पेपर घालून पिशव्या बांधा आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवा. जीवशास्त्र विभागाकडे तो असतो, एरवी ओळख करून ठेवा. गोठलेले कागद मग सवडीनं, थोडेथोडे सोडवता येतात. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, त्या उभ्या ठेवून हवेवरच सुकवायच्या.