इंग्लंडच्या खेड्यातलं घराणं शोधताना या चुका टाळा

लग्न 10 मे 1720, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा 12 फेब्रुवारी 1720. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या वहीत अशा दोन नोंदी दिसल्या की नवखा माणूस एक तर गालात हसतो, नाहीतर ‘हे जोडपं आपलं नव्हे’ म्हणून पान उलटतो. भानगड काहीच नसते. 1752 पूर्वी तिथलं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे 1720 चा फेब्रुवारी त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर यायचा. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये. टिपणात ‘फेब्रुवारी 1720/21’ असंच लिहा. नुसतं 1721 लिहिलंत, तर सहा महिन्यांनी तारीख मुळातली की दुरुस्त केलेली, हे तुम्हालाच आठवणार नाही.

बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेलाही सापडतो.

सगळ्यात महागात पडते ती घाई. हवा असलेला जॉन सापडला की लगेच त्याला वंशावळीत टांगायचं! आजोबांचं नाव नातवाला, म्हणून एकाच गावात तीन चुलतभाऊ जॉन. त्यातला एखादा तान्हेपणीच गेलेला, आणि आईबापांनी पुढच्या मुलाला तेच नाव ठेवलेलं. म्हणून आधी दफनाची वही चाळा. 1813 पासून छापील रकाने आले आणि दफनाच्या नोंदीत वय, बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा मिळू लागला. त्याआधी कित्येकदा ‘जॉनचा मुलगा जॉन’ एवढंच. आईचं नावही नाही.

1733 पूर्वीच्या नोंदी लॅटिनमध्येही असतात. तिथला ‘जॅकोबस’ बहुधा जेम्स, आणि ‘गुलिएल्मस’ म्हणजे विल्यम. आडनावाचं स्पेलिंग पाद्रीबुवांच्या कानावर अवलंबून, तेव्हा ते मोठ्यानं वाचून बघा.

नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असंही धरू नका. 1642 नंतरच्या यादवीत बऱ्याच वह्या अर्धवट राहिल्या. वही हरवली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला शोधा. मग शेजारच्या गावांची चर्चं. आणि जवान मुलगा लग्न-दफनाशिवाय गायब झाला असेल तर तो कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडेही आला असेल. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.