स्पॅनिशमध्ये माझं-तुझं करताना या चुका टाळा

मालकीचा शब्द मालकाकडे नाही, वस्तूकडे बघून बदलतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपण घसरतो ते दुसरीकडेच.

पहिली चूक अतिउत्साहाची. 'माझा-माझी-माझं' जिभेवर असल्याने 'माझं घर' म्हणताना 'मिआ कासा' निघून जातं. नामाआधी येणारे मि (माझा), तु (तुझा), सु (त्याचा, तिचा) लिंग बघतच नाहीत, फक्त वचन: मि कासा, मिस कासास. लिंग लागतं ते नुएस्त्रो (आमचा) आणि बुएस्त्रो (तुमचा) यांना, आणि तेही स्पॅनिश नामाचं. 'आमची गाडी' डोक्यात ठेवून 'नुएस्त्रा कोचे' म्हणू नका. कोचे पुल्लिंगी, म्हणून नुएस्त्रो कोचे.

सगळ्यात जास्त त्रास 'सु' देतो. सु एर्मानो म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा किंवा समोरच्या आदरणीय व्यक्तीचा भाऊ! संदर्भावरून कळत नसेल तर सरळ 'एल एर्मानो दे एया' म्हणा, तिचाच भाऊ. 'त्यांचं घर' म्हणताना 'सुस कासा' करू नका. मालक कितीही असोत, घर एकच असेल तर सु कासा.

आपलं आदरार्थी 'तुमचं' इथे हमखास फसवतं. माद्रिदच्या घरमालकीणबाईंना 'बुएस्त्रा कासा' म्हटलंत, तर त्या मागे वळून आणखी कोण उभं आहे ते बघतील. बुएस्त्रो स्पेनमध्ये ओळखीच्या अनेकांसाठी. एकट्या बाईंना सु. लॅटिन अमेरिकेत तर अनेकांनाही सु चालतं, बुएस्त्रो बोलण्यात जवळपास नाहीच.

'माझा एक मित्र' शब्दाला शब्द ठेवून 'उन मि आमिगो' होतं. बरोबर: उन आमिगो मिओ. नामाशिवाय वापरताना आर्टिकल (इंग्रजी 'द'सारखं 'एल' किंवा 'ला') हवं: तुझं पुस्तक इथे आहे, माझं? एल मिओ. पण 'हे पुस्तक माझं आहे' एवढंच सांगायचं तर एस्ते लिब्रो एस मिओ.

शरीराच्या बाबतीत मराठीवर विश्वास ठेवा. आपण 'मी हात धुतले' म्हणतो, 'माझे' जोडत नाही. स्पॅनिशही तसंच: मे लावे लास मानोस. डोकं दुखतंय? मे दुएले ला काबेसा. 'मि काबेसा' हे इंग्रजीचं भूत.

लिहिताना 'तु'वरचं आघातचिन्ह सांभाळा: चिन्ह असेल तर 'तू', नसेल तर 'तुझा'. मोबाइलवर यू अक्षर दाबून धरलं की ते मिळतं.