घर बदलताना मांजरासाठी नवे घर शोधत आहात? या चुका टाळा

अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो, बदलीचा आदेश हाती पडतो किंवा राहती इमारत पुनर्विकासाला जाते, आणि घरातल्या कपाटांपासून कुंड्यांपर्यंत प्रत्येक वस्तूची सोय लागल्यावर कोणाला तरी आठवते की मांजराचे अजून काहीच ठरलेले नाही. गेली काही वर्षे ओळखीच्या कुटुंबांच्या मांजरांना नवे घर मिळवून देण्यासाठी मी धावपळ करते. बिघडलेल्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसली आहे. मालक ‘मांजर कोण नेईल’ हे शोधत राहतात; ‘हे मांजर कोणत्या घरात राहू शकेल’ हा प्रश्न ते विचारत नाहीत. पुढच्या चुका त्यातूनच घडतात.

‘मांजर घराचे असते’ असे म्हणून ते मागे ठेवणे

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे आपल्याकडे जुनी माणसे म्हणत आली आहेत. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मांजर गाल आणि अंग घासून दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायावर, आपल्या पोटरीवर स्वतःचा वास सोडते आणि त्या वासाच्या आधारावर जागा ‘आपली’ मानते. म्हणूनच नव्या जागेत ते घाबरते. मात्र जागेची ओढ असते म्हणून रिकामी जागा त्याला जेवू घालत नाही. पुनर्विकासाला गेलेल्या इमारतींत हे फार वाईट रीतीने दिसते. कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरांत जातात, आवाराला पत्रे लागतात, पाडकाम सुरू होते आणि चार घरांतून दूध-मासे खाऊन वाढलेली मांजरे त्या पत्र्यांच्या आत राहून जातात.

मांजर पोत्यात घालून मासळी बाजारात किंवा देवळापाशी सोडणे, अथवा ‘गावाकडे शेतात उंदीर खाऊन जगेल’ असे म्हणून पाठवणे हा याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. तयार खाद्यावर आणि गादीवर वाढलेल्या मांजराला शिकार करून पोट भरता येईलच असे नाही; शिवाय त्या जागेवर आधीच हक्क सांगणारे बोके आणि मोकाट कुत्रे त्याला टिकू देत नाहीत. हे कायद्यानेही चूक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणाशिवाय त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात अजूनही दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे, त्यामुळे दंडाची भीती कोणाला वाटत नाही. पण गुन्हा तो गुन्हाच.

सोबत नेता येते का, हे न तपासताच देऊन टाकणे

‘नव्या सोसायटीत चालत नाही’ हे कारण मला सर्वांत जास्त ऐकू येते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भाड्याच्या घरात प्रश्न वेगळा असतो, कारण तिथे घरमालकाशी झालेला करार महत्त्वाचा ठरतो. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी मांजराचा विषय काढावा, नंतर लपवाछपवी करू नये. लसीकरणाची नोंदवही आणि नसबंदीचा कागद दाखवला, खिडक्यांना जाळी स्वखर्चाने बसवण्याची तयारी सांगितली, की नकार देणारे काही घरमालक तरी विचार बदलतात.

दूरच्या शहरात जायचे असेल तर एअर इंडिया आणि अकासा एअर या कंपन्या ठरावीक वजनापर्यंतचे मांजर केबिनमध्ये नेऊ देतात. त्यांच्या अटी तिकीट काढण्याआधीच विचाराव्यात.

परदेशी जाणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा मनाईची नसते, ती वेळेची असते. भारतातून युरोपीय संघातील देशांत किंवा ब्रिटनमध्ये मांजर न्यायचे तर आधी मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवायची चिप), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची प्रतिपिंड चाचणी (लस लागू पडली का हे दाखवणारी) आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची प्रतीक्षा असा क्रम आहे. म्हणजे चार महिने हाताशी लागतात, आणि नोकरीवर रुजू होण्याची मुदत सहसा त्याहून कमी असते. अशा वेळी मांजर कायमचे देण्याऐवजी आई-वडिलांकडे किंवा भावंडांकडे चार-पाच महिने ठेवून, कागदपत्रे पुरी झाल्यावर नेणे शक्य असते. ऑस्ट्रेलिया मात्र भारतातून थेट मांजर येऊ देत नाही. तिथे जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त तिसऱ्या देशातून ते न्यावे लागते, आणि हा खर्च व कालावधी सर्वांना पेलण्यासारखा नसतो.

शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणे

आपल्याकडे घरे प्रामुख्याने एप्रिल ते जूनमध्ये, शाळांच्या सुट्टीत बदलली जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आवारांत, गच्च्यांवर पिल्लांचा सुकाळ असतो. मांजर पाळू इच्छिणारे कुटुंब सहसा पिल्लूच मागते, त्यामुळे चार वर्षांच्या शांत मांजरीला या काळात घर मिळणे सर्वांत कठीण होते. किमान दोन महिने आधी शोध सुरू करावा. ‘काहीच जमले नाही तर संस्थेत ठेवू’ असा हिशेबही कोणी धरू नये. प्राणी निवाऱ्यांच्या बहुतेक जागा जखमी आणि आजारी प्राण्यांनी भरलेल्या असतात, आणि घरात एकट्याने राहिलेले मांजर अनेक अनोळखी प्राण्यांच्या गंधात व आवाजात खाणे सोडू शकते. मुंबईतील वर्ल्ड फॉर ऑल यांच्यासारख्या, दत्तक देण्याचे काम करणाऱ्या संस्थांना आपल्या मांजराची माहिती पुढे पोहोचवण्याची विनंती करावी आणि घर मिळेपर्यंत ते आपल्याकडेच सांभाळावे, हे दोघांनाही सोयीचे असते.

नसबंदी न करता देणे

या एका बाबतीत मी तडजोड करू नये असेच सांगेन. मांजरी चार-पाच महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते. त्यामुळे नसबंदी न करता दिलेली एक मांजरी वर्षाच्या आत नव्या मालकासमोर आपलाच प्रश्न चौपट करून ठेवते. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरी फुकट मागणाऱ्यांत पिल्ले विकण्याचा व्यवसाय करणारेही असतात, आणि नसबंदी झालेली आहे असे कळताच त्यांचे फोन आपोआप थांबतात. बोक्याची नसबंदी केली नाही तर तो भिंतींवर, पडद्यांवर उग्र वासाची धार मारू लागतो, आणि ‘परत घेऊन जा’ असा निरोप येण्याचे ते एक नेहमीचे कारण असते. शस्त्रक्रियेची जखम भरायला वेळ मिळावा म्हणून ती घर बदलण्याच्या किमान तीन आठवडे आधी करावी. लसीकरण त्याच सुमारास पूर्ण करावे: रेबीजची लस, आणि पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजारासह तीन विषाणूजन्य रोगांवरची एकत्रित लस.

खोड्या लपवून माहिती देणे

‘अतिशय गोड, कोणालाही त्रास नाही’ अशी माहिती वाचून मांजर नेलेले कुटुंब पहिल्याच ओरखड्याला बिथरते. वय, लिंग, नसबंदी, लसी, खाणे, वाळूच्या ट्रेची सवय, लहान मुलांशी आणि इतर प्राण्यांशी वागणूक हे सारे जसे आहे तसे लिहावे. पोटाला हात लावला की चावते, फटाक्यांच्या आवाजाने दोन दिवस पलंगाखाली बसते, पहाटे पाचला उठवते, हेही लिहावे. एकदा एका मैत्रिणीची मांजरी मी ‘थोडी लाजाळू’ आहे इतकेच सांगून दोन लहान मुलांच्या घरात दिली होती आणि ती नवव्या दिवशी परत आली. वास्तविक ती एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईंसाठी अगदी योग्य होती, आणि पुढे तसेच घर तिला मिळाले. मधल्या नऊ दिवसांची भीती मात्र माझ्या त्या दोन शब्दांमुळे तिने सोसली. एकत्र वाढलेली, एकमेकांना चाटणारी दोन मांजरे असतील तर ती जोडीनेच द्यावीत.

नवे घर डोळ्यांनी न पाहणे

फोनवर सर्वच घरे चांगली वाटतात. शक्य असेल तर स्वतः जावे, नाहीतर व्हिडिओ कॉलवर सर्व खिडक्या आणि बाल्कनी दाखवायला सांगावे. सातव्या मजल्यावरच्या उघड्या बाल्कनीत कबुतराच्या मागे झेप घेणारे मांजर पडते, आणि ‘मांजर पायांवरच पडते’ ही समजूत त्याची हाडे वाचवत नाही. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी कडांना सैल असेल तर ती पुरेशी समजू नये. घरातील प्रत्येकाची संमती आहे का, घर भाड्याचे असेल तर मालकाला माहीत आहे का, सुट्टीत गावी गेल्यावर मांजराकडे कोण पाहणार, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. वसतिगृहात किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची माया खरी असते, पण अभ्यासक्रम संपताच ते मांजर पुन्हा घराच्या शोधात निघते. प्रश्नांनी रागावणाऱ्या माणसाला मांजर देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामान हलवण्याच्या दिवशीच मांजर सोपवणे

त्या दिवशी दार सताड उघडे असते, अनोळखी माणसे आत-बाहेर करत असतात आणि घाबरलेले मांजर जिन्यावरून कधी निघून गेले ते संध्याकाळी कळते. मांजर त्याआधी दोन-तीन दिवस नव्या घरी पोहोचलेले असावे. ते शक्य नसेल तर त्याला न्हाणीघरात पाणी आणि वाळूच्या ट्रेसह बंद करून दारावर मोठी चिठ्ठी लावावी. प्रवासाचा पिंजरा आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवून त्यात खाणे द्यावे. रिक्षात मांडीवर किंवा पिशवीत घेऊन जाण्याचे धाडस करू नये. सोबत त्याची न धुतलेली चादर, रोजचे आठ-दहा दिवस पुरेल इतके खाद्य, वापरातली वाळू आणि नोंदवही द्यावी. खाद्य बदलायचेच असेल तर नव्या मालकाने ते आठवडाभरात हळूहळू बदलावे.

नव्या घरी काही बिघडले तर

मांजर कपाटामागे लपून बसले तर त्याला ओढून काढू नये. पहिले काही दिवस एकाच खोलीत, ट्रे एका कोपऱ्यात आणि खाणे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून, त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्यावे. घरात आधीचे मांजर असेल तर दोघांना दाराआडून वासाची ओळख होऊ द्यावी. पहिल्याच दिवशी समोरासमोर आणणे टाळावे.

खाणे सोडणे मात्र हलक्यात घेऊ नये. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. म्हणून पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर डॉक्टरांना फोन करावा. ट्रेबाहेर लघवी होत असेल तर वाळू बदलली आहे का, ट्रे गोंगाटाच्या जागी आहे का, हे पाहावे. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग बंद झाल्याची शक्यता असते आणि त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. मनाने पॅरासिटामॉल देऊ नये. मांजरासाठी ते विष आहे.

मांजर निसटलेच तर ते फार लांब गेले असेल असे समजून शहरभर फिरू नये. घाबरलेले घरगुती मांजर बहुधा जवळच, जिन्याखाली, गाडीखाली किंवा पाण्याच्या पंपाच्या खोलीत दडून बसते. रात्री रहदारी थांबल्यावर विजेरी घेऊन, ओळखीच्या आवाजात हाक मारत शोधावे. नवे घर जुन्या घरापासून जवळ असेल तर मांजर परतही येऊ शकते, म्हणून पहिले तीन-चार आठवडे त्याला बाहेर सोडू नये.

एकदा दिले की संपले, असे मानणे

पहिल्या महिन्यात भेटायला जाण्याची घाई करू नये, पण छायाचित्रे मागावीत आणि विचारपूस करावी. मांजर नको झाल्यास ते तिसऱ्या कोणाला न देता आधी आपल्याला कळवले जाईल, एवढे तरी साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जुन्या इमारतीच्या वॉचमनकडे आणि शेजारच्या काकूंकडे आपला फोन नंबर आणि मांजराचा एक फोटो ठेवून मगच गाव सोडावे.