लहान कलादालनात प्रदर्शनाची मांडणी कशी करावी

लहान दालनातील बहुतेक प्रदर्शने भिंतीवर पहिला हूक बसण्याआधीच, कलाकृतींच्या यादीत बिघडतात. कलावंताला आपली प्रत्येक कृती दाखवावीशी वाटते, दालनचालकाला त्याचे मन मोडवत नाही, आणि परिणामी दहा चित्रांच्या जागेत अठरा चित्रे कोंबली जातात. पॅरिसमधील इरिस क्लेर यांच्या छोट्याशा दालनात १९५८ साली कलावंत इव्ह क्लाइन यांनी आतील सामान हलवून, भिंती पांढऱ्या रंगवून रिकामी खोलीच प्रदर्शन म्हणून लोकांसमोर ठेवली, आणि १९६० साली त्याच दालनात दुसरे कलावंत आर्मां यांनी टाकाऊ वस्तूंचा असा खच भरला की प्रेक्षकांना तो काचेबाहेरूनच पाहावा लागला. दोघांनीही जागा किती भरायची, याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतला होता. आपल्याला इतक्या टोकाला जाण्याचे कारण नाही, पण हा निर्णय पुढे ढकलता मात्र येत नाही.

म्हणून आधी दालन मोजावे. प्रत्येक भिंतीची लांबी व उंची, दारे, खिडक्या, विजेची बटणे, खांब आणि दिव्यांच्या पट्ट्या यांची नोंद करून १:२० प्रमाणात कागदी नकाशा किंवा पुठ्ठ्याची प्रतिकृती तयार करावी आणि त्याच प्रमाणात चित्रांचे छोटे तुकडे कापून ते भिंतींवर सरकवून पाहावेत. संगणकावरही हे करता येते. तरीही पुठ्ठ्याच्या खोलीत वाकून पाहताना दारातून पहिल्यांदा काय दिसेल हे जसे कळते, तसे पडद्यावर कळत नाही, असे माझे मत आहे. दारासमोरची भिंत ही सर्वांत बोलकी जागा असते. तेथे सर्वांत मोठे चित्र लावण्याचा मोह टाळून, पाहणाऱ्याला आत ओढून घेईल असे चित्र लावावे. मोठे चित्र निवांत पाहता यावे यासाठी त्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतर समोर मोकळे असावे. तेवढे अंतर नसेल, तर ते चित्र या दालनासाठी नाही असे समजावे.

कलाकृती आल्यावर त्या लगेच उघडू नयेत. बाहेरील हवामानातून आलेली पेटी दालनाच्या तापमानाशी जुळवून घेण्यासाठी एक दिवस तशीच ठेवावी, मग उघडताना प्रत्येक कृतीची छायाचित्रे घेऊन ओरखडे, भेगा, फ्रेमचे निखळलेले कोपरे यांची लेखी नोंद करावी आणि त्या नोंदीवर कलावंताची सही घ्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण परतीच्या वेळी हा ओरखडा कोणाचा असा वाद उभा राहिला, की तोच कागद उपयोगी पडतो.

त्यानंतर सर्व चित्रे ठरलेल्या जागी, भिंतीला टेकवून, फोमच्या तुकड्यांवर उभी करावीत आणि शक्य असल्यास एक रात्र तशीच राहू द्यावीत. नकाशावर शेजारी शोभणारी दोन चित्रे प्रत्यक्षात एकमेकांचे रंग खातात, हे याच टप्प्यावर उघड होते. अशा वेळी दोघांची जागा बदलण्याआधी एक चित्र काढूनच पाहावे.

टांगण्याचे गणित सोपे आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेंटिमीटरवर ठेवण्याचा प्रघात आहे. यातील एक आकडा निवडून तो संपूर्ण दालनात पाळावा, म्हणजे लहानमोठी चित्रे एकाच ओळीत श्वास घेतात. समजा मध्यरेषा १५० सेंटिमीटरवर आहे, फ्रेमची उंची ९० सेंटिमीटर आहे आणि मागची तार हूक बसेल तेथे ताणून धरली असता फ्रेमच्या वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली येते. मग १५० मध्ये उंचीचे निम्मे, म्हणजे ४५, मिळवून ८ वजा करावेत. हूक १८७ सेंटिमीटरवर येईल. एकाऐवजी दोन हूक वापरल्यास चित्र वारंवार तिरके होत नाही. आडव्या अंतरासाठी ६०० सेंटिमीटरच्या भिंतीवर ८०, १००, ६० आणि १२० सेंटिमीटर रुंदीची चार चित्रे घेऊ. त्यांची बेरीज ३६० होते आणि २४० सेंटिमीटर उरतात. त्यांचे ४८ चे पाच समान भाग करता येतील, पण दोन्ही टोकांना ६० आणि मधल्या तीन जागांना ४० दिले, तर चारही चित्रे एक गट म्हणून अधिक घट्ट वाटतात. शेवटी पाणसळ लावून तपासावे आणि बटणाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण विजेची वायर बहुधा तेथूनच गेलेली असते.

प्रकाशाकडे लहान दालनांत सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिव्याचा झोत उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून चित्रावर पडावा. कोन वाढला तर काचेवर चकाकी येते, कमी झाला तर फ्रेमची लांब सावली पडते. जलरंग, छापचित्रे आणि छायाचित्रे यांना ५० लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास, तर तैलरंगांना १५० ते २०० लक्सपर्यंत प्रकाश चालतो. प्रकाशाची हानी साठत जाते: ५० लक्समध्ये २४ दिवसांत जलरंगावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच २०० लक्समध्ये ६ दिवसांत पडतो. साधा लक्समापक जवळ ठेवावा, डोळ्यांवर विसंबू नये, कारण डोळे कमी-जास्त प्रकाशाला सरावतात.

मांडणशिल्प, म्हणजे जागेत वस्तू मांडून घडवलेली कलाकृती, असेल तर त्याभोवती चाकाची खुर्ची सहज वळेल एवढी वाट सोडावी. आवाज असलेल्या दोन व्हिडिओ कलाकृती एका खोलीत ठेवू नयेत. ठेवाव्याच लागल्या तर एकीला हेडफोन द्यावेत.

नामपट्टीवर कलावंताचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप एवढेच असावे; मापात आधी उंची, मग रुंदी लिहितात. छापचित्र असेल तर प्रतीचा क्रमांकही द्यावा. चित्राचा अर्थ समजावणारे परिच्छेद प्रत्येक पट्टीवर छापल्यास प्रेक्षक वाचतच पुढे सरकतो, म्हणून सांगायचे ते दाराजवळच्या एकाच निवेदनात, शे-दीडशे शब्दांत सांगावे आणि ते चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला आधी वाचायला द्यावे.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सर्व दिवे लावून, रिकाम्या हातांनी दारातून आत यावे आणि पाय आपोआप कोठे वळतात ते पाहावे. उतरवण्याच्या दिवसासाठी मूळ पेट्या, फोम आणि आवरणे क्रमांक घालून जपून ठेवावीत. पहिल्या दिवशीची नोंद हातात घेऊन प्रत्येक कृती पुन्हा तपासावी आणि भोके बुजवण्यासाठी भिंतीच्या नेमक्या त्याच छटेचा रंग डबाभर शिल्लक ठेवावा.