मंगल कार्यालयात फ्लॅश वापरताना: लग्नाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नवख्या फोटोग्राफरचा लग्नातला फोटो लगेच ओळखू येतो. नवरा-नवरीचे चेहरे पांढरेफटक आणि मागचं अख्खं कार्यालय काळंकुट्ट. फुलांची कमान, समया, खुर्च्यांवरची मंडळी, सगळं अंधारात. ‘फ्लॅश कमी पडला’ असं समजून पुढच्या फोटोला पॉवर वाढवली जाते आणि चेहरे आणखी जळतात. खरी अडचण अशी, की फ्लॅश समोर सरळ रोखलेला असतो आणि कार्यालयातला उजेड कॅमेऱ्याने टिपलेलाच नसतो.

फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत दोन एक्स्पोजर असतात, एक जागेच्या उजेडाचं आणि दुसरं फ्लॅशचं. हॉटशूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, लागणारा नेहमीचा फ्लॅश फुल पॉवरलाही साधारण १/३०० सेकंदच पेटतो आणि अगदी कमी पॉवरला १/२०,००० सेकंदापर्यंत. शटर १/६० ठेवा की १/१६०, फ्लॅशचा उजेड तेवढाच येतो, बदलतो तो फक्त जागेचा उजेड. ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) दोन्हींवर परिणाम करतात. फ्लॅशची पॉवर आणि माणसापासूनचं अंतर फक्त फ्लॅशवर.

म्हणून कार्यालयात पोचल्यावर आधी फ्लॅश बंद ठेवा. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर, एफ/४, १/१००, आयएसओ ८०० आणि स्टेजचा एक फोटो. तो एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंधारा दिसेपर्यंत आयएसओ किंवा शटर बदला. कमान दिसते आहे, समयांची ज्योत पिवळी आहे, चेहरे मात्र थोडे काळसर आहेत, इतपत झालं की फ्लॅश चालू करा. आता त्याला फक्त चेहरे उजळायचे आहेत. हा क्रम उलटा केला की दिवसभर पॉवरशी झटापट चालते.

शटर मात्र सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, वर नेऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. त्यापुढे शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडण्याआधीच दुसरा बंद व्हायला लागतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. फ्लॅशमधल्या हाय स्पीड सिंकच्या सोयीने पट्टा जातो, पण फ्लॅश तुकड्यातुकड्यांनी पेटतो आणि दोन स्टॉप किंवा जास्तच उजेड गमवावा लागतो. भर दुपारी बाहेर वरातीत त्याचा उपयोग आहे, कार्यालयाच्या आत जवळपास नाही.

आता दिशा. फ्लॅशचं डोकं वळवायला शिकणं हे पॉवरच्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं. पांढरं पीओपीचं छत दहा-बारा फुटांवर असेल तर अर्धं काम झालंच. पण फ्लॅशचं डोकं ताठ वर करू नका. उजेड थेट डोक्यावरून पडला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि मुंडावळ्यांच्या रेघा कपाळावर-गालांवर उमटतात. डोकं थोडं मागे आणि एका बाजूला, तुमच्याच खांद्यावरून जाईल असं वळवा. उजेड छत-भिंतीच्या कोपऱ्यावरून रुंद होऊन तिरका येतो, नाकाची सावली मऊ होते आणि पैठणीची जर चकाकण्याऐवजी उठून दिसते. ह्या फेऱ्यात दोन-तीन स्टॉप जातात, तेव्हा आयएसओ १६०० करायला कचरू नका. डोकं वळवल्यावर बरेच फ्लॅश आपला झूम (झोत रुंद-अरुंद करणारी सोय) आपोआप ५० मिमीवर नेतात. छत उंच असेल तर तो हाताने वाढवून बघा.

छताला लाल-पिवळं मंडपाचं कापड असेल तर मात्र बाउन्स, म्हणजे असा छतावरून परतवलेला उजेड, नकोच, कारण कापडाचा रंग उतरून चेहरा हळदीसारखा होतो आणि नंतर एडिटिंगमध्ये त्वचा आणि साडी दोन्ही एकदम सुधारत नाहीत. तिथे मागची पांढरी भिंत शोधा, नाहीतर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा. दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर हाफ सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक पट्टी) लावा. फ्लॅशचा ५,५०० केल्विनचा उजेड ३,८०० च्या आसपास येतो आणि ‘पुढे निळा, मागे नारिंगी’ हा भेद कमी होतो. जेलने अर्धा-पाऊण स्टॉप खाल्ला जातो, तेवढी पॉवर वाढवा.

अक्षता हा फ्लॅशवाल्याचा खरा कस. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, सगळीकडून अक्षता येतात आणि फोटोत नवरीच्या चेहऱ्यासमोर चार पांढरे फुगलेले गोळे दिसतात. कारण साधं आहे. जोडपं तुमच्यापासून ३ मीटरवर, तर तुमच्या मागून फेकलेला एखादा दाणा फ्लॅशपासून ७५ सेंटीमीटरवर. अंतर पाव झालं की उजेड सोळापट, म्हणजे चार स्टॉप जास्त. शिवाय तो फोकसबाहेर, म्हणून फुगतो. छतावरून बाउन्स केला तर जवळच्या-लांबच्या दाण्यांवर जवळपास सारखाच उजेड पडतो आणि अक्षता अक्षतांसारख्या दिसतात. होमाच्या धुराचंही तसंच. कॅमेऱ्यावरचा थेट फ्लॅश धुरावर पांढरा पडदा चढवतो. तिथे फ्लॅश बाजूला न्या, पॉवर एक स्टॉप उतरवा आणि शटर १/६० करा, म्हणजे ज्वाळेचा स्वतःचा रंग राहतो.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यालाच ठरवू देणं, वापरावं का? वापरा, पण ते कसं चुकतं हे माहीत असू द्या. मुख्य फ्लॅशच्या आधी एक बारीक प्रीफ्लॅश जातो, त्याचा परतलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि समोरचं सगळं मध्यम राखाडी धरतो. पांढऱ्या कुर्त्यातला नवरदेव त्यामुळे काळपट येतो, काळ्या सूटमधला जास्त उजळ. पांढऱ्यासाठी फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली पॉवर वरखाली करणं) +२/३ ते +१ स्टॉप, काळ्यासाठी -२/३. फिरत काढायचे फोटो टीटीएलवर, पण स्टेजवर आहेराच्या रांगेत अंतर बदलत नाही, तिथे मॅन्युअल. एकदा १/८ पॉवरवर जमलं की दोनशे फोटो सारखे येतात.

फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या गाइड नंबरचा हिशेबही तोंडपाठ हवा: गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर बरोबर ॲपर्चर. आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० असेल तर ५ मीटरला एफ/८. आयएसओ चौपट केला की नंबर दुप्पट होतो. खोक्यावरचा ६० हा आकडा बहुधा झूम २०० वर मोजलेला असतो. ३५ वर तेवढी ताकद मिळत नाही, हे विकत घेताना लक्षात ठेवा.

ग्रुप फोटोत रांगेचं एक टोक उजळ, दुसरं काळं येत असेल तर फ्लॅशचा स्टँड फार जवळ आहे. जवळचा माणूस २ मीटरवर आणि लांबचा ४ मीटरवर असला की दोन स्टॉपचा फरक पडतो. तोच स्टँड मागे नेऊन ४ आणि ६ मीटर केलं, तर फरक एका स्टॉपच्या आसपास येतो. मागे नेल्यावर पॉवर वाढवावी लागते, ती वाढवा. आणि स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच. कार्यालयात पोरं पळत असतात.

ऐन वेळी फ्लॅश पेटलाच नाही तर क्रमाने बघा. मिररलेस कॅमेऱ्यावर सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का? बहुतेक कॅमेऱ्यांत त्यात फ्लॅश बंदच राहतो. हॉटशूमध्ये फ्लॅश शेवटपर्यंत सरकून लॉक झाला आहे का? ट्रिगरचा (लांबचा फ्लॅश पेटवणाऱ्या रेडिओचा) चॅनल जुळतो का? स्टँडवरचा फ्लॅश झोपला तर नाही ना? त्याचा स्टँडबाय बंद करून ठेवा. उलट, आपण बटण न दाबता फ्लॅश पेटत असेल तर तो एस-वन मोडवर आहे आणि दुसऱ्या फोटोग्राफरच्या फ्लॅशला साथ देतो आहे, किंवा त्याचा ट्रिगर तुमच्याच चॅनलवर आहे. एस-वन असेल तर मोड बदला, नाहीतर चॅनल आणि आयडी दोन्ही बदला.

घरातला जुना फिल्मच्या काळातला फ्लॅश मात्र डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काहींच्या पिनवर शंभर-दोनशेच्या वर व्होल्ट असतात आणि कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. फ्लॅश बिघडला तरी स्वतः उघडू नका. आतल्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा साठा बंद केल्यावरही राहतो.

सेल अल्कलाइन नकोत, रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या. १.२ व्होल्टचे असूनही ते झटक्यात करंट देतात आणि फ्लॅश लवकर चार्ज होतो. चार-चारचे संच करून प्रत्येकावर मार्करने अ, ब, क लिहा, एका संचातला सेल दुसऱ्यात घालू नका. बऱ्याच फ्लॅशचा रेडी दिवा पूर्ण चार्ज होण्याआधीच लागतो, त्यामुळे अंतरपाटाच्या वेळी पाठोपाठच्या तीन फोटोंतला दुसरा-तिसरा काळा येतो. त्या दोन मिनिटांसाठी आयएसओ एक स्टॉप चढवा आणि पॉवर १/८ किंवा त्याखाली ठेवा. फुल पॉवरवर सलग वीस-तीस फोटो मारले तर फ्लॅश तापून स्वतःच थांबतो, आणि तो नेमका विहिणींच्या फोटोला थांबतो.

कार्य संपलं की सेल काढून ठेवा आणि हॉटशूच्या पिना कोरड्या सुती कापडाने पुसा, घामाने त्या काळ्या पडतात. पावसाळ्यात मुहूर्त नसतात तेव्हाही महिन्यातून एकदा सेल घालून पाच-दहा वेळा फ्लॅश मारा. बरेच महिने न वापरलेला कॅपॅसिटर पहिल्या मुहूर्ताला चार्ज व्हायला वेळ लावतो.