पेशंटबरोबर आलात, आता आपल्या जेवणाचं आधी ठरवा

दवाखान्यात पोचलं की केसपेपर कुठे काढायचा, डॉक्टर किती वाजता येतात, औषधं कुठून आणायची, हे सगळं आपण विचारतो. कॅन्टीन कधी उघडतं आणि जेवण कधी संपतं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते पहिल्याच दिवशी विचारा. रिसेप्शनला विचारू नका, ते पाटीवरची वेळ सांगतील. वॉर्डातल्या मावशींना विचारा. पाटीवर तीनपर्यंत लिहिलेलं असलं तरी दोन वाजता पोळ्या संपतात, हे त्यांनाच माहीत असतं.

माझे वडील, आण्णा, मिरजेला डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा जावं लागतं आणि दर वेळी चार तास मशीन चालतं. आम्ही तासगावचे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. अथणी, चिकोडी, रायबागपासून माणसं येतात. कॅन्टीनमध्ये मराठीइतकंच कन्नड कानावर पडतं. रोज नवा चेहरा दिसतो आणि बहुतेक जण एकच गोष्ट करतात: पेशंटपायी स्वतः उपाशी राहतात. दुपारपर्यंत चार चहा होतात, डोकं दुखायला लागतं आणि नेमकं तेव्हाच डॉक्टर महत्त्वाचं काहीतरी सांगायला येतात. पोटात काही नसलं की डोक्यात काही शिरत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी वेळ साधायला शिका. डायलिसिसची पहिली पाळी सकाळी लवकर सुरू होते. सुया लागतात, मशीन चालू होतं, सिस्टर पहिला बीपी घेतात. तोपर्यंत जागेवरून हलायचं नाही. सगळं ठीक आहे असं त्यांनी सांगितलं की साधारण पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात नाष्टा उरकून घ्यायचा. शेवटच्या तासासाठी काही राखून ठेवू नका. अंगातलं पाणी बरंच निघालेलं असतं, त्यामुळे बीपी उतरणं, पोटरीत गोळा येणं हे प्रकार तेव्हाच जास्त होतात. त्या वेळी आपला माणूस आपल्याला शोधतो. ऑपरेशनचा किंवा आयसीयूचा पेशंट असेल तर डॉक्टरांच्या राउंडची वेळ सोडून जा. राउंड झाला की लगेच निघायचं, पुढचा निरोप येईपर्यंत थोडी उसंत असते.

जाताना सिस्टरांना सांगून जा. नुसतं 'आले हं' म्हणून निघू नका. 'सिस्टर, बेड नंबर चार, मी खाली जेवायला चाललेय, वीस मिनिटांत येते,' असं स्पष्ट सांगा. बरीच कॅन्टीनं तळघरात असतात आणि तिथे फोनला रेंज नसते. जिन्याच्या तोंडाशी किंवा खिडकीपाशी दोन दांड्या दिसतात, ते टेबल धरा. फाइल आणि पैशांची पर्स बरोबर असू द्या. शेजारच्या बेडच्या नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. तुम्ही खाली गेलात की ते लक्ष ठेवतील, ते गेले की तुम्ही. आमच्या शेजारच्या अथणीच्या आजींना मराठी जेमतेम येतं आणि मला कन्नड येत नाही. 'ऊटा?' असं म्हणून त्या हात तोंडाकडे नेतात. मी मान डोलावली की खुर्ची आण्णांकडे वळवून बसतात. एवढ्यावर आमचं उत्तम चाललंय.

हात नीट धुवा. वॉर्डात पलंगाचा दांडा, दाराची कडी, लिफ्टचं बटण या सगळ्याला हात लागलेला असतो. तिथला सॅनिटायझर काही जंतूंवर चालतो, सगळ्यांवर नाही. जुलाबाच्या काही जंतूंना तो पुरत नाही, साबण आणि पाणीच लागतं. माझ्या पर्समध्ये कागदी साबणाची छोटी डबी असते, कारण कॅन्टीनच्या बेसिनवरचा साबण हमखास संपलेला असतो.

आता खायचं काय? आमच्याकडे सकाळी उप्पीट, पोहे, शिरा, इडली, वडा एवढं मिळतं. माझं मत विचाराल तर इडली घ्या. वाफेवरची असते, तेलाचा प्रश्न नाही, पोटाला हलकी. मात्र ओली खोबऱ्याची चटणी सकाळच्या पहिल्या तासातलीच खा, नंतर सांबारावर भागवा. उन्हाळ्यात तर दहानंतर त्या चटणीला हातच लावू नका. उप्पीट गरम असेल तर छान. गार उप्पिटाचा गोळा गिळायचा आणि वर चहा ओतायचा, याला खाणं म्हणत नाहीत. वडा-भजी खायचीच असतील तर सकाळची खा. संध्याकाळपर्यंत तेच तेल पुन्हा पुन्हा तापून काळं झालेलं असतं. तो वास दारातूनच कळतो.

दुपारच्या जेवणाला साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास जा. एक ते दोन हा दवाखान्यातल्या स्टाफचा वेळ. तेव्हा रांग लागते आणि त्यांनाही तेवढीच सुट्टी असते. लवकर गेलं की पहिल्या वाफेचा भात मिळतो. राइस प्लेट समोर आली की मी आधी भाताची मूद चमच्याने मधोमध मोडते. आतून वाफ आली तर भात आताचा. वरून गरम आमटी ओतलेली आणि आत गारढोण असेल तर तो बराच वेळ पडून आहे. शिजवलेला भात तासन् तास तसाच राहिला की त्यात एक जंतू वाढतो. त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही आणि काही तासांत उलट्या सुरू होतात. म्हणूनच दुपारनंतर मिळणारा फोडणीचा भात मी घेत नाही, कितीही खमंग दिसला तरी. तेव्हा दोन पोळ्या आणि सुकी भाजी मागते. आमच्या कॅन्टीनमध्ये हाफ राइस सांगितलं तर एक पोळी जास्त देतात. तुमच्याकडेही विचारून बघा, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आमटी असेल तर ती संपवा. दिवसभरात डाळ पोटात जायचा तोच एक मार्ग असतो. चिरून ठेवलेली काकडी, कांदा, बीट बाजूला सारा. घरी कच्चं भरपूर खा, इथे शिजवलेलं. तुमचा पेशंट केमोथेरपीवर असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा, कारण तुमचं पोट बिघडलं की तेच आजारपण त्यांच्या पलंगापाशी जातं. ताक सीलबंद मिळालं तर घ्या, सुटं नको.

आपल्यालाच शुगर असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन रांगेत उभं राहू नका. ताट हातात येईल याची खात्री झाल्यावरच घ्या. डॉक्टरांनी मध्येच वर बोलावलं आणि जेवण तासभर पुढे गेलं, असं दवाखान्यात रोज होतं. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा चार साखरेचे खडे असू द्या.

आता पेशंटसाठी कॅन्टीनमधून काय न्यायचं? विचारल्याशिवाय काहीही नाही. हे मी जरा ठणकावून सांगते, कारण इथेच प्रेमापोटी घोटाळे होतात. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या माणसाला 'एक घोट चहा, त्याने काय होतंय' म्हणून कुणी पाजतं. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. मग ऑपरेशन पुढे ढकलतात आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी.

किडनीच्या पेशंटचं तर पथ्यच वेगळं. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. आण्णांसारख्या माणसाची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. केळी, मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार यांचंही तेच. आमच्या तासगावचे बेदाणेही त्यातलेच. गावाकडून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत अर्धा किलो बेदाणे असणारच. मी ते डोळ्याला लावते आणि सिस्टरांना वाटून टाकते. दवाखान्याबाहेरच्या गाड्यावर तिखट-मीठ लावलेलं कमरख दिसलं तर ते मुळीच नको. किडनीच्या पेशंटच्या मेंदूवर त्याचा विषारी परिणाम होतो. 'लो सोडियम' लिहिलेल्या मिठाची पुडी चांगली समजून कुणी आणून देतं. त्यात बहुधा सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. पापड, लोणचं, फरसाण यांतल्या मिठाने तहान लागते आणि पाणी तर मोजून प्यायचं असतं. त्या मोजमापात चहा, आमटी, ताक, आइस्क्रीम सगळं धरतात.

मग काय चालतं? ते आहारतज्ज्ञ सांगतील. बहुतेक मोठ्या दवाखान्यांत त्या असतात, त्यांची वेळ घ्या आणि कॅन्टीनमधल्या पाटीचा फोटो काढून त्यांच्यासमोर ठेवा. मी तेच केलं. त्यांनी एकेका पदार्थावर बोट ठेवून सांगितलं: इडली चालेल, सांबार नको, पोळी चालेल, दुधी, दोडका अशी भाजी कमी मिठाची मिळाली तर चालेल, अंड्याचा पांढरा भाग जरूर द्या, डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात. घरी जाऊन छापील तक्ता वाचण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडलं. आणि मशीन चालू असताना खायला द्यायचं की नाही, हे तिथल्या डॉक्टरांवर सोडा. खाल्लं की रक्त पोटाकडे जातं आणि काहींचा बीपी उतरतो, म्हणून काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही.

पाणी मोजून पिणाऱ्या माणसासमोर उसाच्या रसाचा ग्लास घेऊन बसू नका. आपण मनसोक्त प्या, पण कॅन्टीनमध्ये. आण्णा कधी बोलून दाखवत नाहीत, नजर मात्र ग्लासावर जाते.

पैशांचंही बघावं लागतं, कारण हे एक-दोन दिवसांचं नसतं. घरचा डबा सर्वात बरा. सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी बारानंतर खायचा असेल तर त्यात भाकरी आणि कोरडी भाजी, चटणी, झुणका असं ठेवा. रसभाजी आणि भात नको. कॅन्टीनमध्ये डबा खाऊ देतात का ते विचारा. आमच्याकडे एक चहा घेतला तरी बसू देतात. डबा नसेल तर सरकारी दवाखान्यांच्या आसपास शिवभोजन केंद्र आहे का बघा. २६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात मिळतो, फक्त दुपारी, आणि ताटांचा आकडा ठरलेला असतो, म्हणून लवकर जायचं.

पेशंट अॅडमिट असेल तर त्याच्या जेवणाचे पैसे भरण्याआधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केस मंजूर झाली असेल तर दाखल पेशंटचं जेवण पॅकेजमध्येच येतं. धर्मादाय दवाखान्यांमध्ये निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा राखीव असतात. तिथे दवाखाना जेवण देत असेल तर त्या रुग्णांकडून त्याचे पैसे घेत नाहीत. यासाठी समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं. नातेवाइकाचं जेवण यात येत नाही, पण कुठली संस्था संध्याकाळी खिचडी वाटते हे त्यांना ठाऊक असतं. संकोच करू नका. खिचडीच्या त्या रांगेत पतसंस्थेत ठेवी असलेली माणसंही मी बघितली आहेत. आजारपण लांबलं की कुणाचाही हात आखडतो.

रात्र काढायची असेल तर संध्याकाळी सातलाच जेवून घ्या. नऊनंतर बहुतेक कॅन्टीनचं शटर खाली येतं आणि पहाटेपर्यंत चहाशिवाय काही मिळत नाही. पिशवीत भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, भडंग आणि पाण्याची बाटली असू द्या. भडंग आमच्याकडचा म्हणून सांगते असं नाही, तो खरंच टिकतो. रात्री पेशंट झोपला की पिशवीचा आवाज न करता खाता यावं म्हणून मी तो स्टीलच्या डब्यात काढून ठेवते. चहा मात्र रात्री दहानंतर नको. बाकड्यावर आधीच झोप लागत नाही.

आणि डिस्चार्जच्या दिवशी फसू नका. डॉक्टर सकाळी दहाला 'आज सोडू' म्हणतात. मग बिल, उरलेली औषधं परत करणं, विमा किंवा योजनेची मंजुरी, सही, शिक्का हे करता करता चार वाजतात. 'आता घरीच जाऊन जेवू' असं ठरवून माणसं काउंटरसमोर उपाशी उभी राहतात. 'आज सोडू' हा शब्द कानावर पडला की आधी पेशंटचं दुपारचं जेवण चालू आहे का ते सिस्टरांकडून पक्कं करा, कारण डिस्चार्जच्या यादीत नाव गेलं की किचनमधून ताट येणं बंद होतं. ते झालं की आपण खाली जाऊन जेवून या, मग बिलाच्या रांगेत उभे राहा.