चिलखत घालावं की नको? टेबलटॉप आरपीजीतली शस्त्रं कशी हाताळावीत

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायची गोष्ट. आमच्या लातूरच्या टेबलावर ती मी चालवतो. तिथं नवा खेळाडू बसला की त्याचा पहिला हट्ट ठरलेला: सगळ्यात मोठी तलवार, सगळ्यात जाड चिलखत. मी देतो. मग लढाई दौलताबादच्या किल्ल्यावर नेतो आणि गडी अडचणीत येतो.

आधी ठरवा, चिलखत करतं काय? १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये चिलखतामुळे वार लागणंच अवघड होतं. 'रूनक्वेस्ट' (१९७८) आणि 'गर्प्स' (१९८६) यांत वार लागतो, पण त्यातलं काही डॅमेज चिलखत खाऊन टाकतं. दोन्ही पद्धती एकदम लावल्या तर चिलखतवाला मरतच नाही, म्हणून एकच धरा. खालचे आकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांतले आहेत.

मग वाराचं गणित मांडा. २० बाजूंचा फासा टाका, त्यात ताकद आणि सराव यांचे गुण मिळवा. बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (त्याला वार लागणं किती अवघड, त्याचा आकडा) किंवा जास्त झाली की वार लागला. समजा तुमचे गुण +५ आहेत. समोरचा बिनचिलखती पण चपळ, आर्मर क्लास १२: शंभरात ७० वार लागतील. त्यानं कड्यांचं चिलखत चढवलं (१६), की ५०. वर ढाल घेतली (१८), की ४०. एकेका गुणाला ५ टक्के, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

शस्त्र निवडताना फासा बघा, लांबी नको. दोन हातांच्या तलवारीला ६ बाजूंचे दोन फासे, सरासरी ७. मोठ्या कुऱ्हाडीला १२ बाजूंचा एक, सरासरी साडेसहा. कुऱ्हाडीचे १२ बारातून एकदा पडतात, तलवारीचे छत्तिसातून एकदा. पण तलवार दोनच्या खाली कधी जात नाही. नशिबावर भरवसा असलेल्यानं कुऱ्हाड घ्यावी. साधी लांब तलवार दोन्ही हातांनी धरली तर सरासरी एकानंच वाढते, म्हणून मी नेहमी सांगतो, दुसऱ्या हातात ढाल धर बाबा.

आपली शस्त्रं आणायची तर नवे आकडे शोधत बसू नका. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला; त्याला भाल्याचेच आकडे चालतात, फक्त दोरीमुळे तो फेकून परत ओढता येतो. दांडपट्ट्याला लांब तलवारीचे. त्याची मूठ हातमोज्यासारखी चढवलेली असते, तेव्हा तो हातातून पाडता येत नाही असं मी धरतो. हे दोन्ही माझे घरचे नियम.

शेवटी जागा आणि ऊन मोजा. बहुतेक जण इथंच आळस करतात. दौलताबादची अंधारी म्हणजे काळोखी, वळणावळणाची वाट. तिथं मोठी तलवार फिरवायला मी दोन फासे टाकायला लावून कमीचा धरतो. कट्यारीला आणि भाल्याला सूट. हाही घरचाच नियम. पण कड्यांचं चिलखत घालून लपताना दोन फाशांतला कमीचा घ्यायचा, हे मात्र पुस्तकातच आहे.

ऊनही पुस्तकात आहे. पारा ३८ अंशांच्या वर असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर दर तासाला तब्येतीचा फासा टाकायचा. पहिल्या तासाला ५ पुरतात, पुढं दर तासाला एक वाढतो. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर इथंही दोनातला कमीचा. हुकलं की थकव्याची एक पायरी. तिसऱ्या पायरीला वारसुद्धा नीट बसत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात लढाई लावणार असाल, तर सोन्याच्या मोहरांआधी पखाली मोजा.

आणि चिलखत उतरवणं? जड असेल तर ५ मिनिटं. लढाईची एक फेरी ६ सेकंदांची, म्हणजे ५० फेऱ्या. आमच्या एका गड्यानं गडाच्या दारात शत्रू दिसल्यावर विचारलं, "काढून टाकू का आता?"

मी म्हटलं, "काढ. पहिला बंद सुटला. फासा कुणाचा?"